बारा व्होल्ट, दोनशे अँपिअर

गळीत हंगामात सणसरहून भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर निघतात, त्यातला एखादा पहाटे सुरूच होत नाही. किल्ली फिरवली की नुसतं 'टक' वाजतं. दिवे मात्र लख्ख लागतात. जुना ड्रायव्हर बॅटरी बदलायच्या गोष्टी करत नाही. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार गरम पाण्यानं धुतो, पान्यानं क्लॅम्प आवळतो आणि पुन्हा सेल्फ मारतो.

कमी दाबाच्या, जास्त प्रवाहाच्या विजेचा अभ्यास इथूनच सुरू करावा, असं माझं मत आहे. शाळेत आपण तारेला रोधच नाही असं धरून चालतो. सेल्फ मात्र दोनशेच्या आसपास अँपिअर ओढतो. मळक्या टर्मिनलचा रोध ओहमचा शंभरावा भाग असला, तरी तेवढ्यात 2 व्होल्ट जातात आणि 400 वॅटची उष्णता निघते. दिव्यांना आठ-दहा अँपिअर पुरतात, त्यांना या मळाचा पत्ताही लागत नाही. म्हणून या पुस्तकातलं पहिलं प्रकरण तारेवर नाही, जोडावर आहे.

चुंबकत्वही याच केबलपाशी भेटतं. 1820 साली कोपनहेगनमध्ये प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळची, ओर्स्टेड या भौतिकशास्त्रज्ञाच्या होकायंत्राची सुई पहिल्यांदा जेमतेमच हलली होती. सरळ तारेतून 200 अँपिअर वाहत असतील, तर वीतभर अंतरावरचं क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या पाचपट भरतं. (ट्रॅक्टरच्या लोखंडानं सुई आधीच भरकटलेली असते, तिचा झटका तेवढा पाहायचा.) एवढा प्रवाह नसेल तर फेरे वाढवावेत: 0.4 अँपिअरचे 500 फेरे म्हणजे 200 अँपिअरचा एकच फेरा. मोटर रिवाइंडिंग करणाऱ्याला हे हातानं ठाऊक असतं. पाण्याच्या मोटरीत तो बारीक तारेचे पुष्कळ फेरे भरतो, सेल्फमध्ये जाड तांब्याच्या पट्टीचे मोजकेच.

बारा व्होल्टचा शॉक सहसा बसत नाही, आणि माणूस तिथेच गाफील राहतो. दोन टर्मिनलांमध्ये अंगठी अडकली, तर ती क्षणात लाल होते. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, त्याला एक ठिणगी पुरते. तेव्हा पान उलटण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, तारेत फ्यूज घाला, आणि बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह सोडा. घरातल्या 230 व्होल्टच्या लाइनवर यातला एकही प्रयोग करायचा नाही.