एकच वाट : कुंडी भंडारा आणि आजीचा चक्रव्यूह

बुऱ्हाणपूरला पाहुणे आले की कुंडी भंडारा दाखवायला न्यावंच लागतं. लिफ्ट सुरू असली तर खाली उतरता येतं आणि उतरलेला प्रत्येक जण हमखास विचारतो, "इथे माणूस हरवत नाही का हो?" नाही हरवत. भूलभुलैयात फाटे असतात, इथे वाट एकच. पाणी जिकडे जातं तिकडे आपण.

इ.स. १६१५ चं हे काम. सुभेदार होता अब्दुल रहीम खानखानान, म्हणजे दोहेवाला रहीम. आखणी तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूगर्भ जाणकाराची. सातपुड्यावर मुरलेला पाऊस जमिनीखालून तापीकडे सरकतो, हे त्याने ओळखलं आणि ते पाणी नदीला मिळण्याआधी भुयारात अडवलं. इराणात याला कनात म्हणतात. वरून विहिरींसारख्या कुंड्या खोदायच्या, तळाशी त्या एकमेकींना जोडायच्या आणि उतार इतका मंद ठेवायचा की पाणी वाहील पण माती खरवडणार नाही. कुंड्यांतून आधी खोदलेली माती वर काढली, पुढे हवा-उजेड आत गेला. शंभरावर कुंड्या, खोली सुमारे ८० फूट, आणि मोट-रहाट काही न लावता पाणी जाळी करंजपर्यंत पोचायचं. तिथून शहरात वाटप.

गंमत म्हणजे खानखानान दख्खनेत ज्याच्याशी झुंजत होता, त्या मलिक अंबरने त्याच दशकात खडकी म्हणजे पुढच्या औरंगाबादला नहर-ए-अंबरी खोदवली. वर लढाई, खाली दोघांचंही ध्यान पाण्यात!

आता आजीबद्दल. आमच्या घरी बाई अडली की आजी काशाच्या ताटावर कुंकवाने चक्रव्यूह काढायची, तो पाण्याने धुवायची आणि ते पाणी बाळंतिणीला पाजायची. औषध म्हणून त्यात काही अर्थ नाही, आज कुणी करूही नये, सरळ दवाखान्यात न्यावं. पण आकृती बघण्यासारखी होती. आधी अधिकचं चिन्ह. त्याच्या चार कोपऱ्यांत चार काटकोन. काटकोनांच्या बाहेर चार ठिपके. मग वरच्या टोकाला शेजारचं टोक कमानीने जोडायचं, पुढे डावं-उजवं करत सगळी टोकं संपवायची. सात फेऱ्यांची वाट तयार होते. बोट आत घातलं की आधी तिसऱ्या फेरीत जातं, बाहेर बाहेर सरकतं, मध्यभाग अगदी जवळ वाटतो तेव्हाच लांब जातं. पण फाटा एकही नाही. "अभिमन्यूला बाहेर पडता आलं नाही, लेकराला यायला हवं," असं आजी म्हणायची. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरात अभिमन्यूचा चक्रव्यूह अशाच वळणांचा कोरलाय. फ्रान्समधल्या शार्त्रच्या चर्चमध्ये तेराव्या शतकापासून फरशीत अशी अकरा फेऱ्यांची वाट आहे, लोक ती प्रार्थना करत चालतात. हल्ली परदेशात अशा वाटा नव्याने आखताना काही जण हातात सळया घेऊन जमिनीला जागा विचारतात.

ते वाचलं आणि मला आमचा पाणाडी आठवला. केळीला पाणी कमी पडायला लागलं तेव्हा काकांनी त्याला बोलावलं. उंबराची बेचक्याची फांदी, तळहातावर नारळ, सगळं साग्रसंगीत. नारळ उभा राहिला तो नेमका कुंड्यांच्या रांगेजवळ. तिथे पाणी आहे हे गावातलं पोर सांगेल! जर्मनीत ऐंशीच्या दशकात पाणाड्यांच्या मोठ्या चाचण्या झाल्या, पुढे त्यांचे आकडे पुन्हा तपासले तेव्हा अंदाजपंचेपेक्षा वेगळं काही निघालं नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत झाडं आणि वारुळं बघून पाणी ओळखायला सांगितलंय. ती नजर मला जास्त पटते, तबकुतुल अर्जचीही त्याच जातीची असणार.

काका बोअर मारायला निघाले होते. आजी आडवी आली. म्हणाली, ते पाणी आपल्या शेतातलं नाही, शेताखालून गावाला चाललेलं आहे. घरात चार दिवस अबोला होता. शेवटी बोअर झाली नाही, दोन एकर केळी काढून कापूस लावला, आणि उत्पन्न घटलं ते घटलंच. काकांनी तिला ते कधी विसरू दिलं नाही.

बाकीच्यांनी बोअर मारल्या. भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे थर चढतायत, वाट अरुंद होतेय. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत 'खूनी भंडारा' नावाने नोंद झाली, छान झालं. पण यादीने पाझर वाढत नाही.

तुमच्या घराजवळ, शेतात बुजलेली कुंडी असेल तर जागा लिहून ठेवा. आणि कुणाच्या आजीचा चक्रव्यूह डावीकडून सुरू व्हायचा का, तेही सांगा. आमचा उजवीकडून.