एकटे मूल आणि कायदा : वऱ्हाडच्या कापूसपट्ट्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
दसरा-दिवाळीच्या सुमारास अमरावती व अकोला जिल्ह्यांत कापसाची वेचणी सुरू होते आणि मजूर स्त्रियांचा अवघा दिवस शेतात जातो. तान्हे मूल झाडाला बांधलेल्या झोळीत आणि चालते मूल घरी थोरल्या बहिणीच्या कडेवर, अशी येथील जुनी व्यवस्था आहे. बहीण नसेल तेथे मूल एकटेच राहते. मुलास घरी एकटे ठेवण्यासाठी किमान वय किती असावे, हे भारतीय कायद्याने ठरविलेले नाही. ब्रिटनच्या कायद्यातही तसे वय नमूद नाही. तथापि देखरेखीविना राहिलेल्या मुलाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नास कायद्याने निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दंडविधान आणि पालक :
१८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३१७ अन्वये बारा वर्षांखालील मुलास कायमचे टाकून देण्याच्या हेतूने सोडून जाणाऱ्या आईवडिलांस सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ ने तिची जागा घेतली. यातील हेतूची अट महत्त्वाची आहे. सकाळी दाराला कडी लावून वेचणीस जाणारी आणि सायंकाळी परतणारी आई या कलमाच्या कक्षेत येत नाही. बाल न्याय कायद्याची व्याप्ती अधिक आहे. २००० च्या कायद्याने मुलाची हेतुपुरस्सर हेळसांड करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत, तर २०१५ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला. मात्र नाइलाज कोठे संपतो आणि हेळसांड कोठे सुरू होते, याचा निर्णय प्रत्येक प्रकरणी न्यायालयावरच राहिला.

कारखाना कायदा आणि मालक :
१८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) येथील कापसाला मागणी वाढली. पुढे रेल्वेच्या आधाराने अकोला, अमरावती, खामगाव येथे जिनिंग-प्रेसिंगचा व्यवसाय विस्तारला. परंतु १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यातून वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळलेले होते. असे हंगामी कारखाने १९११ च्या कायद्याने कक्षेत आणले. १९३४ च्या कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्याने पाळणाघर बंधनकारक केले आणि १९७६ मध्ये स्त्रियांच्या संख्येची मर्यादा तीसवर आणली. मूल सांभाळण्याच्या जबाबदारीचा काही भाग येथे प्रथमच आईकडून मालकाकडे गेला. पण सरकी वेगळी करणाऱ्या स्त्रीस मिळालेला हा आधार कापूस वेचणाऱ्या स्त्रीस मिळाला नाही, कारण शेत हे कारखान्याच्या व्याख्येत बसत नव्हते.

राज्यसंस्था आणि समाज :
२००५ च्या रोजगार हमी कायद्याने, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीस मजुरी देऊन नेमण्याची तरतूद केली. खाजगी शेतातील वेचणीस ती लागू नव्हती. विवाहानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे पाळणाघर, बालवाडी व शाळा एकत्र आणली. धाकट्या भावंडांमुळे मोठी मुले शाळेला मुकतात, हे त्यांनी ओळखले होते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या आरंभीच्या प्रकल्पांत अमरावती जिल्ह्यातील धारणीचा समावेश होता. परंतु अंगणवाडीचे काही तास आणि वेचणीचा पूर्ण दिवस यांचा मेळ बसत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयोगटातील मुलीस शाळेचा हक्क दिला. तो योग्यच होय. मात्र तिच्या कडेवरचे मूल कोणी घ्यावे, याची व्यवस्था त्यासोबत झाली नाही.

समारोप :
दंडविधानाने पालकास आणि कारखाना कायद्याने मालकास जबाबदार धरले. शेतमजूर स्त्रीचे मूल मात्र या दोहोंच्या मध्ये राहिले. अशा स्थितीत केवळ किमान वय ठरविणारा कायदा केल्यास त्याचा पहिला भार वेचणीस जाणाऱ्या आईवरच पडेल. म्हणून वेचणीच्या हंगामात गावोगावी पूर्ण दिवसाचे पाळणाघर ही अशा कायद्याची पूर्वअट ठरते.