खाल्लेलं अंगी का लागत नाही?

मधुमेह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोट सुटलेला शहरी माणूस येतो. पण भोर-वेल्ह्याच्या डोंगरात भात-नाचणी पिकवणाऱ्या काटक माणसालाही तो होतो. मग घरचे म्हणतात, ‘खातो भरपूर, पण अंगी लागत नाही.’ आज आपण या वाक्याचा इतिहास पाहू.

चरकसंहितेत प्रमेहाचे रोगी दोन प्रकारचे सांगितले आहेत: एक स्थूल नि बलवान, दुसरा कृश नि दुर्बल. पहिल्याचं शोधन करा, दुसऱ्याचं बृंहण, म्हणजे पोषण. रोग एक, उपचार उलटे!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन रोग्यांना जवळजवळ उपाशी ठेवत. साखर उतरायची, पण देह झडायचा. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्शुलिन टोचलं, तेव्हा त्याचं वजन जेमतेम तीस किलो होतं. इन्शुलिन कमी पडलं की साखर लघवीवाटे जाते आणि शरीर स्वतःचीच चरबी नि स्नायू जाळतं. अंगी लागत नाही ते यामुळे.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ मध्ये कुपोषणाशी निगडित मधुमेहाचा वेगळा वर्ग केला, १९९९ मध्ये तो काढला. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं त्याला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. दरम्यान पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर मातांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. आपली बाळं बारीक, पण चरबी त्या मानानं टिकून. म्हणजे बारीक असणं हे काही कवच नव्हे.

हे सगळं सांगायचं कारण असं, की सडपातळ रोग्यालाही आपण सर्रास ‘भात सोड, कमी खा’ म्हणतो आणि वजन उतरलं की खूश होतो. आपोआप उतरलेलं वजन ही शाबासकी नाही, ती तक्रार आहे. पन्नास किलोच्या माणसाचे सहा महिन्यांत अडीच किलो गेले, तर डॉक्टरांना सांगायचं. शुगर तपासायची, क्षयाची शंका फेडायची, थायरॉइड पाहायचं, चालू गोळ्यांनी वजन उतरतंय का ते विचारायचं. गरज पडली तर इन्शुलिन घ्यायचं, घाबरायचं नाही. आणि ताटात डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध वाढवायचं. उलट्या, धाप किंवा ग्लानी असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

वजनकाटा प्रत्येक आरोग्य केंद्रात असतो. त्यावरचा आकडा दर खेपेला वहीत लिहून ठेवू या.