तळटीप: पटावरचे ‘बघे’

* ‘पटावरची गर्दी (२)’ : उत्तर ‘बघे’. यवतमाळकडच्या वाचकाला खुलासा नको. इतरांसाठी सांगायचे तर हा पट सोंगट्यांचा नव्हे, शंकरपट. सुगीनंतर मोकळ्या वावरात बैलजोड्यांची शर्यत लागते. छकडीवर एकटा धुरकरी, दोन्ही अंगांना माणसांची दाटी. जोडी सुटली की हीच माणसे मैदान डोक्यावर घेतात. ‘प्रेक्षक’ हे उत्तर येथे चालणार नाही: मराठी कोड्यात जोडाक्षराला एकच घर मिळते, तरी त्याला तीन घरे लागतात. आणि पटाला तो शब्द फार सोवळा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने थांबलेल्या या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने अटींसह परवानगी दिली. — संपादक