‘माझा’ आणि ‘आपला’ : ‘डॉनी ब्रास्को’चे पुनर्दर्शन

जोसेफ पिस्टोन हा एफबीआयचा अधिकारी १९७६ ते १९८१ या काळात ‘डॉनी ब्रास्को’ हे नाव घेऊन न्यूयॉर्कच्या बोनॅनो टोळीत वावरला. त्याचे आत्मकथन १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावर आधारित, माइक न्यूवेल दिग्दर्शित चित्रपट १९९७ मध्ये आला. प्रथमदर्शनी प्रेक्षक डॉनीचे सोंग उघडे पडेल काय, या उत्कंठेत गुंततो. पुनर्दर्शनात ती उत्कंठा ओसरते आणि विश्वासाचे पुराव्यात रूपांतर कसे होते, हा खरा प्रश्न पुढे येतो.

टोळीच्या संकेतव्यवस्थेत सगळा अर्थभेद सर्वनामावर उभा आहे. ‘माझा मित्र’ अशी ओळख करून दिलेला माणूस बाहेरचाच राहतो. त्याची हमी बोलणाऱ्या एकट्याची असते. दीक्षित सभासदाची ओळख मात्र अनेकवचनी सर्वनामाने होते. हे शब्द दोन सभासदांमध्येच उच्चारले जात असल्याने मराठीत त्याला ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आमचा’ चालणार नाही, त्याला सामावून घेणारे ‘आपला’च हवे. उतारवयाकडे झुकलेला, टोळीत कधीच वर न चढलेला लेफ्टी रुजिएरो (अल पचिनो) डॉनीला ‘माझा’ म्हणतो, तेव्हा त्या षष्ठीच्या प्रत्ययात त्याचा जीवच गहाण पडतो.

जपानी उपाहारगृहातील प्रसंगही या दृष्टीने पाहावा. डॉनीच्या बुटात ध्वनिमुद्रणयंत्र दडलेले आहे. म्हणून तो बूट काढायला नकार देतो, आणि त्यापायी एका निरपराध सेवकाला बेदम मारहाण होते. ऐकण्याची क्रिया येथे निष्पाप उरत नाही. मैत्रीतील प्रत्येक वाक्य एकाच वेळी संवाद असते आणि नोंदही.

शेवटी बोलावणे आल्यावर लेफ्टी अंगावरच्या मौल्यवान वस्तू काढून खणात ठेवतो, पत्नीपाशी डॉनीसाठी क्षमेचा निरोप ठेवतो आणि निघून जातो. त्याचे मरण दाखविले जात नाही, सूचित होते. इतिहास वेगळा आहे. मारला गेला तो डॉमिनिक नापोलितानो ऊर्फ सनी ब्लॅक, १९८१ च्या ऑगस्टमध्ये. अखेरच्या भेटीला जाण्यापूर्वी त्याने आपले दागिने मद्यगृहातील एका माणसाकडे सोपविल्याचे नंतरचे वृत्तान्त सांगतात. रुजिएरोला मात्र त्याच वर्षी एफबीआयने अटक केली. तो १९९२ पर्यंत तुरुंगात होता आणि १९९४ मध्ये कर्करोगाने वारला. एकाचे मरण आणि त्या मरणापूर्वीची कृती चित्रपटाने दुसऱ्याच्या नावावर चढविली आहे.

या स्थलांतराला केवळ कलात्मक स्वातंत्र्य म्हणून भागत नाही. ज्याने हमी दिली त्यानेच किंमत मोजावी, ही शोकात्मिकेची मागणी त्यामुळे पुरी होते, हे खरे. परंतु त्या बदल्यात एक दृश्य गाळले जाते. १९८२ च्या खटल्यात रुजिएरो आरोपी होता आणि पिस्टोन साक्षीदार. ‘माझा’ म्हटलेला माणूस तेथे राज्यसंस्थेचा म्हणून उभा होता. चित्रपटात पिस्टोनच्या वाट्याला पदक आणि ५०० डॉलरचा धनादेश येतो. लेफ्टीसमोर उभे राहणे येत नाही. पाठीमागे ठेवलेला क्षमेचा निरोप हा समोरासमोरच्या साक्षीला शोधलेला पर्याय ठरतो. लेफ्टीला मारून चित्रपट त्याला प्रतिष्ठा देतो, हे मान्य करावे लागेल. पण त्याच कृतीने तो साक्षीदाराला लेफ्टीच्या नजरेपासून वाचवतो.