कायल्युरिया
कायल्युरिया हा लसीकावाहिन्या व मूत्रमार्ग यांच्यात फिस्टुला निर्माण झाल्यामुळे होणारा विकार असून त्यात लघवी दुधासारखी पांढरी होते. शरीरातील दोन पोकळ भागांना, किंवा पोकळ अवयवाला व त्वचेला जोडणाऱ्या अनैसर्गिक मार्गास फिस्टुला म्हणतात. भगंदर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. भारतात कायल्युरियाचे प्रमुख कारण हत्तीरोग हे आहे. भंडारा जिल्ह्यासह पूर्व विदर्भाचा समावेश महाराष्ट्रातील हत्तीरोगग्रस्त क्षेत्रात होतो.

कारणे

हत्तीरोगाचा कृमी, वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, क्युलेक्स डासामार्फत पसरतो. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जात असला, तरी हा डास मुख्यतः गटारे, सेप्टिक टाक्या अशा साचलेल्या घाण पाण्यात वाढतो. प्रौढ कृमींमुळे लसीकावाहिन्या फुगतात, त्यांच्या झडपा निकामी होतात आणि वाढलेल्या दाबाने त्या मूत्रपिंडाच्या नळीसारख्या पोकळीत फुटतात. आतड्यातून शोषलेली चरबी वाहून नेणारा पयोलस मग लघवीत उतरतो. मूत्रपिंड स्वतः बहुधा निरोगीच असते.

लक्षणे व निदान

तेलकट जेवणानंतर लघवी अधिक पांढरी होते. विकार अधूनमधून आपोआप थांबतो, त्यामुळे रुग्ण वर्षानुवर्षे उपचार टाळतो. दरम्यान चरबी व प्रथिने वाया जाऊन वजन घटते. गुठळ्यांमुळे लघवी तुंबू शकते. लघवीत ईथर मिसळल्यास ती निवळते. ट्रायग्लिसराइडची तपासणी अधिक खात्रीची असते. कोणत्या बाजूला फिस्टुला आहे, हे दुर्बिणीने मूत्राशय पाहून ठरवतात. संसर्ग जुना असल्यास रात्री घेतलेल्या रक्तनमुन्यात जंतू न सापडणे शक्य असते, म्हणून केवळ त्यावरून हा विकार नाकारता येत नाही.

उपचार

सुरुवातीस विश्रांती, कमी चरबीचा व भरपूर प्रथिनांचा आहार देतात. खोबरेल तेलातील काही मेदाम्ले लसीकामार्गे न जाता थेट यकृताकडे जात असल्याने ते तेल चालू शकते. डीईसी हे औषध कृमींवर काम करते, मात्र तयार झालेला मार्ग त्याने बुजेलच असे नाही. त्यासाठी मूत्रनलिकेतून सौम्य पोव्हिडोन आयोडीन किंवा सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण सोडून तो मार्ग बंद करतात. तीव्र सिल्व्हर नायट्रेट मूत्रपिंडास घातक ठरू शकते. विकार वारंवार उलटल्यास मूत्रपिंडाभोवतीच्या लसीकावाहिन्या शस्त्रक्रियेने तोडतात. मूत्रपिंड काढण्याची वेळ क्वचितच येते.

प्रतिबंध

राष्ट्रीय कार्यक्रमानुसार 2004 पासून हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत सामुदायिक औषधोपचार मोहिमा राबवल्या जातात. दोन वर्षांखालील मुले, गर्भवती व गंभीर आजारी व्यक्तींना या गोळ्या देत नाहीत.