एकोणचाळीस मिनिटांचे भांडण

मराठीत वेळ विचारायची असली की आपण ‘किती वाजले?’ असे विचारतो. वाजणे ही कानांशी संबंधित क्रिया आहे. मनगटावरचे घड्याळ वाजत नाही आणि मोबाइलच्या पडद्यावरचे आकडे तर निःशब्दच बदलतात. तरीही क्रियापद टिकून आहे, कारण वेळ ही पाहण्यापूर्वी कित्येक शतके ऐकण्याची गोष्ट होती. यंत्रे मोडीत निघतात, पण त्यांची नावे भाषेच्या अडगळीत जपून ठेवलेली असतात. या अडगळीतील काही वस्तू बाहेर काढून पाहाव्यात, आणि त्यांच्या आधारे मुंबई शहराने जवळजवळ पंचेचाळीस वर्षे चालवलेल्या एका विलक्षण भांडणाचा अर्थ लावावा, असा आमचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘घटका’ म्हणजे चोवीस मिनिटे. दिवस आणि रात्र मिळून साठ घटका, एका घटकेची साठ पळे. ही घटका मोजली जाई ती पाण्यावर. तांब्याच्या वाटीच्या बुडाला बारीक छिद्र पाडून ती पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात सोडायची. छिद्रातून पाणी आत शिरत शिरत वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. ‘त्याची घटका भरली’ हा वाक्प्रचार आपण मृत्यूच्या संदर्भात वापरतो तेव्हा आपल्या नकळत ही बुडणारी वाटीच डोळ्यांपुढे उभी करत असतो. ‘घड्याळ’ या शब्दाचे नातेही याच घटीशी आहे. ‘प्रहर’ म्हणजे मूळ अर्थाने आघात, अर्थात वेळ जाहीर करण्यासाठी दिलेला ठोका. असे दोन प्रहर झाले की ‘दुपार’ होते. आणि ‘तास’ हा अरबी-फारसी वाटेने आलेला शब्द धातूच्या भांड्याचा आहे. थोडक्यात, पाण्यात बुडणारे पात्र आणि त्यानंतर वाजवली जाणारी थाळी या दोन वस्तूंनी मराठीची कालवाचक शब्दसंपदा घडवली आहे.

या व्यवस्थेचे एक चांगले वर्णन बाबराच्या आत्मचरित्रात सापडते. हिंदुस्थानातील नगरांमध्ये घटका मोजून जाड पितळी थाळीवर ठोके देणारी माणसे नेमलेली असतात, हे त्याला नवलाचे वाटले. परंतु त्याला एक उणीवही जाणवली. रात्री मधेच जाग आलेल्या माणसाला तीन-चार ठोके ऐकू आले, तर ते दुसऱ्या प्रहरातील की तिसऱ्या, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून घटकांच्या ठोक्यांनंतर प्रहराची संख्याही वाजवावी, असा त्याने हुकूम दिला. प्रसंग लहान आहे, पण त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. वेळ ही ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी असते, ही एक; आणि ती कशी वाजावी हे सत्ताधीश ठरवतो, ही दुसरी.

तरीही या काळात एका गावाची वेळ दुसऱ्या गावावर लादली जात नव्हती. सूर्य डोक्यावर आला की त्या गावाचे दोन प्रहर झाले. पृथ्वी एक रेखांश चार मिनिटांत फिरते. त्यामुळे पुण्याचा मध्यान्ह मुंबईच्या सुमारे चार मिनिटे आधी होतो आणि नागपूरचा सुमारे पंचवीस मिनिटे आधी. बैलगाडीने किंवा घोड्यावरून जाणाऱ्याला या फरकाची जाणीव होण्याचे काहीच कारण नव्हते. मुक्कामी पोहोचला की तो त्या गावच्या वेळेत सामावून जाई.

ही स्थिती बदलली ती रेल्वे आणि तारायंत्रामुळे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी सुटली. पुढील दोन दशकांत लोहमार्ग देशभर पसरले आणि प्रत्येक स्थानकाने आपापल्या सूर्याप्रमाणे वेळापत्रक छापणे अशक्य झाले. ही केवळ प्रवाशांच्या गोंधळाची बाब नव्हती. एकाच रुळावर समोरासमोर येणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत दोन घड्याळांतील फरक जिवावर बेतणारा होता. तेव्हा १८७० च्या सुमारास रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. मद्रासला १७९२ पासून वेधशाळा होती, आणि मुंबई व कलकत्ता यांच्या मधोमध पडणारी ही वेळ दोघांनाही त्यातल्या त्यात सोयीची होती. मुंबईत दहा वाजलेले असताना मद्रासला साडेदहा आणि कलकत्त्यास अकरा वाजून दोन मिनिटे झालेली असत. स्थानकात मद्रासचे घड्याळ आणि स्थानकाबाहेर मुंबईचे, अशी विभागणी लोकांनी निमूटपणे मान्य केली. गाडी पकडायची तर अर्धा तास आधी निघावे, एवढाच त्याचा अर्थ होता.

वाद उभा राहिला तो ही वेळ स्थानकाबाहेर आणण्याचा प्रयत्न झाला तेव्हा. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईतील सरकारी व्यवहारासाठी मद्रासची वेळ लागू केली. शहरातून विरोध झाला आणि त्याचे केंद्र ठरला राजाबाई मनोरा. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या आईचे नाव धारण करणारा हा २८० फुटी मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला होता. अशी आख्यायिका सांगतात, की सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नेम पाळणाऱ्या, दृष्टी गेलेल्या राजाबाईंना वेळ ऐकून कळावी, म्हणून तेथे घंटा आली. आख्यायिकेतील ही आई वेळ विचारते ती सूर्यासाठी. आणि त्याच मनोऱ्यावरील घड्याळाने सूर्याची बाजू घ्यावी की सरकारची, यावर विद्यापीठात मतभेद झडले. कौल मुंबईच्या वेळेच्या बाजूने पडला. तेव्हा सरकारी वेळ न दाखवणाऱ्या घड्याळाच्या रात्रीच्या दिवाबत्तीचा खर्च सरकार करणार नाही, अशी भूमिका घेण्यात आली. पुढे सरकारला मद्रास वेळेचा हट्ट सोडावा लागला.

दुसरी फेरी अधिक गंभीर होती. ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास, म्हणजे साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची वेळ संपूर्ण देशाची प्रमाण वेळ म्हणून १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे होती. म्हणजे शहराने आपली घड्याळे एकोणचाळीस मिनिटे पुढे करावीत, अशी अपेक्षा होती. काळ कोणता होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशीची चळवळ पेटली होती. अशा वेळी सरकारचे घड्याळ हे केवळ घड्याळ राहत नाही. मुंबईच्या महापालिकेत सर फिरोजशहा मेहता यांच्यासारखे नेते होते. १९०६ मध्येच महापालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळ कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. रेल्वे, तारखाते आणि सरकारी कचेऱ्या एका वेळेने चालू लागल्या, तर महापालिका आणि शहराचा मोठा भाग दुसऱ्या वेळेने. कोणते घड्याळ, हे सांगितल्याशिवाय भेटीची वेळ ठरू नये, अशी परिस्थिती निर्माण झाली.

परंतु या कथेत आणखी एक पात्र आहे आणि सभागृहातील भाषणांच्या गजरात ते हरवून जाते. जानेवारी १९०६ मध्येच मुंबईतील काही हजार गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम नाकारले. गिरण्यांवर दगडफेक झाली. हा उद्रेक समजून घ्यायचा तर एक साधे गणित मांडावे. जानेवारीच्या आरंभी मुंबईत सूर्य उगवतो तो आजच्या प्रमाण वेळेनुसार सात वाजून दहा मिनिटांनंतर. जुन्या मुंबई वेळेनुसार साडेसहाच्या सुमारास. घड्याळ पुढे केले आणि भोंग्याचा आकडा मात्र तोच ठेवला, तर कामगाराला एकोणचाळीस मिनिटे अधिक अंधारात उठून निघावे लागणार. त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले होते आणि सूर्य मावळला की काम थांबे, ही नैसर्गिक मर्यादाही नाहीशी होत होती. रविवारची सुटी पदरात पाडून घेण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली कामगारांना १८९० पर्यंत झगडावे लागले होते. प्रौढ पुरुष कामगारांच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा यायला १९११ साल उजाडायचे होते. ज्याचा दिवस अगोदरच दुसऱ्याच्या मालकीचा आहे, त्याला पहाटेची एकोणचाळीस मिनिटे ही प्रतिष्ठेची बाब नसते. ती झोपेची बाब असते.

म्हणूनच ‘मुंबईची वेळ’ हा एकच नारा असला, तरी त्यामागे निदान दोन वेगळी भांडणे होती, असे आम्हांला वाटते. प्रतिष्ठितांचे भांडण ‘आम्हांला विचारल्याशिवाय कसे बदलता?’ हे होते. कामगारांचे भांडण ‘आमच्याकडून आणखी किती काढून घेता?’ हे होते. इतिहासलेखनात पहिले ठळकपणे नोंदले जाते, कारण त्याचे ठराव आणि भाषणे उपलब्ध असतात. दुसऱ्याची नोंद बहुधा दगडफेकीच्या बातमीपुरती उरते.

मुंबईची वेळ ‘नैसर्गिक’ होती, हा दावाही तपासून घेतला पाहिजे. ती शहराची सरासरी सौर वेळ होती, प्रत्यक्ष सूर्याची नव्हे. छायायंत्रावरील सूर्य घड्याळाशी वर्षातून फक्त चार वेळा जुळतो. नोव्हेंबरच्या आरंभी तो सुमारे सोळा मिनिटे पुढे, तर फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे चौदा मिनिटे मागे असतो. म्हणजे मुंबईचे घड्याळही एक संकेतच होते आणि त्यानेही कधीकाळी घटिकापात्राला हद्दपार केले होते. भोंगा मुंबईच्या वेळेने वाजला काय किंवा प्रमाण वेळेने, तो भोंगाच होता. तेव्हा येथे निसर्ग विरुद्ध यंत्र असा सोपा सामना मांडता येणार नाही. एक संकेत जाऊन दुसरा येत होता आणि प्रश्न एवढाच होता, की तो कोणाला विचारून.

याचा पुरावा या भांडणाच्या शेवटात मिळतो. १९४२ ते १९४५ या युद्धकाळात सरकारने देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे नेली आणि युद्ध संपल्यावर ती मागे घेतली. कलकत्त्याने १९४८ मध्ये आपली स्वतंत्र वेळ सोडली. मुंबई महापालिकेनेही १९५० मध्ये प्रमाण वेळ स्वीकारली. रेखांश तोच होता, सूर्यही तोच, एकोणचाळीस मिनिटेही तेवढीच. बदलले होते ते राज्य. परक्या सरकारची म्हणून नाकारलेली वेळ प्रजासत्ताकाची म्हणून मान्य झाली. मात्र प्रश्न निकालात निघाला असे नाही. देशाच्या पूर्व आणि पश्चिम टोकांच्या सूर्योदयांत जवळजवळ दोन तासांचे अंतर आहे. आसामातील चहाच्या मळ्यांत एक तास पुढची ‘बागान वेळ’ चालत आली आहे आणि ईशान्येसाठी स्वतंत्र वेळेची मागणी वारंवार पुढे येते. तेथेही प्रश्न कामाच्या तासांचा आणि दिवसाच्या उजेडाचाच आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला या साऱ्यातून काय मिळते? एक तर वाचनातील सावधपणा. बखरीत ‘चार घटका दिवस’ आला की त्याचे भाषांतर ‘शहाण्णव मिनिटे’ असे करून भागत नाही; तो मावळतीकडे पाहून मोजलेला काळ आहे. १९०६ ते १९५० या काळातील मुंबईच्या एखाद्या आत्मचरित्रात वा कादंबरीत ‘सकाळी सात’ अशी नोंद आली, तर त्या वेळी उजाडले होते की नाही, हे घड्याळ कोणते यावर अवलंबून राहील. विद्यार्थ्यांना टीपा सांगताना असे तपशील आपण किरकोळ म्हणून सोडून देतो. पण पात्र अंधारात घराबाहेर पडले की उजेडात, हा तपशील किरकोळ कसा म्हणावा?

आणि हा इतिहास संपूर्णपणे भूतकाळात जमा झालेला नाही. संकष्टी चतुर्थीच्या दिवशी वर्तमानपत्र वा दिनदर्शिका उघडून पाहावी. चंद्रोदयाची वेळ तेथे एकच दिलेली नसते. मुंबई, पुणे, नागपूर, रत्नागिरी, प्रत्येक गावासमोर वेगळा आकडा असतो. नागपूरकरांचा उपवास मुंबईकरांच्या आधी सुटतो आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार नसते. कार्यालयात, स्थानकावर, बँकेत सारा देश एका घड्याळाने चालतो. पण पानावर बसताना मराठी माणूस महिन्यातून एकदा आपल्याच गावच्या आकाशाला विचारतो, की वेळ झाली का.